पुढच्या फँटसी आरपीजीसाठी भूमी कशी निवडावी

नव्या आरपीजीची, म्हणजे खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेऊन कल्पित जगात वावरतो अशा व्हिडिओ गेमची, पहिली बैठक बहुधा चित्रांपासून सुरू होते. कोणी बर्फाच्या शिखरांचे चित्र आणतो, कोणी वाळवंटातील घुमटांचे शहर दाखवतो, कोणी या वेळी समुद्र हवाच म्हणून आग्रह धरतो, आणि तासाभराने ज्याचे चित्र सर्वांत देखणे त्याची भूमी ठरते. दुरून डोंगर साजरे दिसतात, पण खेळाडू दुरून पाहणार नसतो. तो त्या डोंगरात पन्नास-साठ तास राहणार असतो. तिथे तो चालणार, वाट चुकणार, अंधार पडण्यापूर्वी निवारा शोधणार आणि अनोळखी माणसाच्या दारात उभा राहून काम मागणार. म्हणून भूमी कशी दिसते याच्या आधी तिथे दिवस कसा जातो, हे ठरवावे लागते. हे मार्गदर्शन मुख्यतः पाच-दहा जणांच्या संघांसाठी आहे, ज्यांचा एक गेम पुरा झाला आहे आणि दुसऱ्याची जागा ठरायची आहे. उदाहरणे बहुतेक मोठ्या गेमची घेतली आहेत, कारण ते अनेकांनी खेळलेले असतात आणि त्यांतील निवडींचे परिणाम आता स्पष्ट दिसतात.

आधी क्रियापदे, मग नकाशा

भूमीची नावे सुचवण्यापूर्वी खेळाडूची क्रियापदे कागदावर लिहावीत: चढणे, लपणे, घासाघीस करणे, माग काढणे, होडी वल्हवणे, जी काही असतील ती. दहा-बारा लिहून त्यांतील तीनच ठेवावीत. बाकीची गेममध्ये असली तरी भूमी ठरवण्याचा अधिकार त्यांना देऊ नये. मग सुचवलेल्या प्रत्येक भूमीबद्दल एवढेच विचारावे की ही जागा या तीन क्रियापदांना मदत करते, अडवते, की तिला त्यांच्याशी काही देणेघेणेच नाही. मदत चालते आणि अडवणूकही चालते, कारण अडवणुकीतूनच खेळ उभा राहतो. देणेघेणे नसलेली भूमी मात्र नाटकाच्या मागच्या पडद्यासारखी नुसती टांगलेली राहते.

हा प्रश्न मी एकदा विचारला नव्हता. आमच्या त्या प्रयत्नात लपणे हे मुख्य क्रियापद होते आणि मी हट्टाने वाळवंट निवडले होते. लपायला जागा नाही म्हणून आम्ही खडक टाकले, खडक उघडे पडू लागले म्हणून झुडपे टाकली, झुडपांना कारण हवे म्हणून ओढा आणला, आणि सहा आठवड्यांनी पडद्यावर जे उभे होते ते वाळवंट राहिले नव्हते. त्या दुरुस्त्यांत गेलेला वेळ आम्हाला पुढे कुठेच भरून काढता आला नाही.

भूमी आणि नियम एकजीव कसे होतात, हे पाहायचे असेल तर २००१ सालचा गॉथिक पाहावा. पिरान्हा बाइट्स या जर्मन संघाने त्यासाठी खाणींची एक दरी निवडली. राजाला ओर्क या राक्षसी जमातीशी लढण्यासाठी जादूचे खनिज हवे असते, म्हणून तो कैद्यांना खाणीत पाठवतो. ते पळू नयेत म्हणून मांत्रिक दरीभोवती जादूचे कवच उभारतात, ते कवच हाताबाहेर जाऊन मांत्रिकही आत अडकतात, आणि गोंधळात कैदी दरीचा ताबा घेतात. आता राजाला खनिजासाठी त्यांच्याशीच व्यवहार करावा लागतो. एवढ्या एका कल्पनेने किती कामे केली ती मोजावीत. नकाशाला सीमा का आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण कवचातून आत येता येते पण बाहेर जाता येत नाही. चलन कोणते, हा प्रश्न उरत नाही, कारण सारा व्यवहार खनिजाच्या तुकड्यांत चालतो. राजकारणही त्याच मातीतून उगवते: जुनी छावणी राजाला खनिज देऊन चैनीचा माल मिळवते, नवी छावणी कवच फोडण्यासाठी खनिजाचा ढीग साठवते, आणि दलदलीतील पंथ एका निद्रिस्त देवाकडे सुटकेची याचना करतो. खेळाडू कोणत्याही छावणीत गेला तरी संभाषण खनिजावर आणि कवचावरच येते. ही दरी मोठ्या गेमांच्या मानाने लहान आहे, आणि लहान संघाने अभ्यासासाठी एकच जुना आरपीजी निवडायचा झाला तर मी हाच सुचवेन.

व्हार्डनफेल आणि सिरोडील

एकाच मालिकेत भूमीच्या निवडीने किती फरक पडतो, हे एल्डर स्क्रोल्समध्ये फार चांगले दिसते. १९९४ सालच्या अरीनामध्ये बेथेस्डा या कंपनीने अख्खा टॅम्रिएल खंड घेतला होता. १९९६ सालच्या डॅगरफॉलमध्ये एका उपसागराभोवतीचा प्रदेश घेतला, पण तो बहुतांशी संगणकाकडून घडवून घेतला. शहरे, गावे आणि भुयारे मिळून पंधरा हजारांहून अधिक ठिकाणे त्यात होती, आणि दोन गावांमधला फरक सांगणे खेळाडूला अवघड जात असे. २००२ सालच्या मोरोविंडमध्ये त्यांनी उलट वाट धरली. संपूर्ण प्रांत न घेता त्यातील व्हार्डनफेल हे एकच बेट घेतले, मध्यभागी रेड माउंटन हा ज्वालामुखी ठेवला आणि बेटाचा कोपरा न् कोपरा हाताने घडवला.

त्या गेमची सुरुवात बारकाईने पाहण्यासारखी आहे. कैद्यांच्या जहाजातून खेळाडू सेयडा नीन या दलदलीकाठच्या छोट्या गावात उतरतो, जकात कचेरीत त्याची नोंद होते, हाती कागद पडतात आणि तो बाहेर येतो. गावाबाहेरच्या टेकाडापाशी सिल्ट स्ट्रायडर उभा असतो: उंच, काटकुळ्या पायांचा अजस्र कीटक, ज्याच्या पोखरलेल्या कवचात प्रवासी बसतात. त्याचा लांबवर ऐकू येणारा हंबरडा गावात फिरतानाच कानी पडलेला असतो. हा कीटक म्हणजे त्या बेटाची एसटी आहे. तो पैसे घेतो, ठरलेल्या गावांनाच जातो आणि आडवाटेला सोडत नाही. तिथून पुढे पायी जावे लागते. नकाशावर ध्येय दाखवणारा बाण नसतो. माणसे तोंडी पत्ता सांगतात, आणि पूल कुठला, उभा दगड कुठला, हे खेळाडूला स्वतः ओळखावे लागते. त्यामुळे प्रत्येक टेकडीला काही तरी खूण असणे भाग पडले, आणि त्या खुणांमुळेच इतक्या वर्षांनीही लोकांना ते रस्ते आठवतात.

त्याच बेटावर टेल्व्हानी या मांत्रिकांच्या घराण्याचे मनोरे आहेत, महाकाय अळंब्यांतून वाढवलेले. त्यांच्या वरच्या दालनांना जिने नाहीत. मालकाला भेटायचे तर उडण्याचा मंत्र यायला हवा किंवा तसे औषध जवळ हवे. त्या घराण्याचा अहंकार कोणत्याही पुस्तकात न वाचता खेळाडूला उंबरठ्यावरच कळतो.

२००६ सालच्या ऑब्लिव्हियनसाठी साम्राज्याचा मध्यवर्ती प्रांत सिरोडील निवडला गेला. आधीच्या लिखाणात तो घनदाट, उष्ण जंगलाचा प्रदेश होता. गेममध्ये आली ती थंड हवेची वने, कुरणे आणि दगडी किल्ले. तटबंदीची शहरे बाहेरच्या जगापासून वेगळ्या कप्प्यांत संगणकात भरली जात, म्हणून खेळाडूने भिंतीवरून उडून आत जाऊ नये यासाठी उडण्याचा मंत्रही काढून टाकावा लागला. या निवडीमागचे कारण मला समजते. ओळखीचे वन, ओळखीचा किल्ला, ओळखीची खानावळ समोर आली की नव्या खेळाडूला काहीच शिकावे लागत नाही, आणि तो गेम फार मोठ्या संख्येने लोकांनी प्रेमाने खेळला. पण त्याच्या आठवणी निघतात तेव्हा लोक मारेकऱ्यांच्या संघटनेच्या कामगिऱ्या सांगतात, चोरांच्या संघटनेची शेवटची चोरी सांगतात. रस्ते क्वचितच सांगतात. ज्या संघाकडे अशा शेकडो कामगिऱ्या लिहिण्याची ताकद आहे, त्याला साधी भूमी परवडते. लहान संघाला ती परवडत नाही, कारण त्याच्याकडे कामगिऱ्या मोजक्या असतात आणि उरलेला भार भूमीलाच उचलावा लागतो.

किती मोठी

नकाशाचा आकार चौरस किलोमीटरमध्ये सांगण्याची पद्धत आहे. एल्डर स्क्रोल्समधीलच २०११ सालच्या स्कायरिमचा नकाशा सुमारे ३७ चौरस किलोमीटरचा मानला जातो, म्हणजे प्रत्यक्षातील एखाद्या तालुक्याच्याही कितीतरी पट लहान, आणि तरीही तो देशाएवढा वाटतो, कारण मधले डोंगर सरळ वाट देत नाहीत. आकार मोजायचा तर पायांनी मोजावा. खेळाडू सेकंदाला चार मीटर चालतो असे धरले तर एक किलोमीटरला चार मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. दर चाळीस सेकंदांनी पाहण्यासारखे किंवा ठरवण्यासारखे काही समोर यावे अशी अपेक्षा ठेवली, तर प्रत्येक किलोमीटर वाटेवर सहा ठिकाणे लागतात. वाटांची एकूण लांबी दहा किलोमीटर असेल तर साठ ठिकाणे झाली. एक ठिकाण पुरे व्हायला एका माणसाचे तीन दिवस धरले तरी एकशे ऐंशी दिवस केवळ त्यात जातात, आणि त्यात संवाद, शत्रू, ध्वनी काहीच धरलेले नाही. हा हिशेब भूमी ठरण्यापूर्वी फळ्यावर मांडावा. अंथरूण पाहून पाय पसरण्याची वेळ हीच असते, नंतर नव्हे.

हिशेब लहान निघाला म्हणून हिरमुसून जाण्याचे कारण नाही. २०१९ सालच्या डिस्को एलिसियमने एका काल्पनिक जगातील मोठ्या शहराचा मार्टिनेझ हा बंदराकडचा एकच पडका भाग घेतला आणि तिथली प्रत्येक भिंत बोलकी केली. २०११ सालच्या ड्रॅगन एज २ ने कर्कवॉल हे एक शहर घेऊन गोष्ट अनेक वर्षांत पसरवली. तीच गल्ली काही वर्षांनी पुन्हा पाहायला मिळते, ही कल्पना मला आजही फार मोलाची वाटते. मात्र विकासाचा काळ अपुरा होता, त्याच गुहा आणि तीच घरे वेगवेगळ्या ठिकाणांच्या नावाखाली पुन्हा वापरली गेली, आणि टीका त्यावरच झाली. एक शहर निवडले तर ते काळाबरोबर बदलताना दाखवण्याइतके हात आपल्याकडे आहेत का, हे आधीच पाहावे.

भांडण मातीतून उगवावे

भूमी पसंत पडली की एक कसोटी लावावी: आपली मुख्य गोष्ट उचलून दुसऱ्या भूमीत ठेवली तर ती मोडते का? मोडत नसेल तर गोष्ट आणि जागा यांची अजून गाठ पडलेली नाही. २०१५ सालच्या विचर ३ मधील व्हेलेन हा प्रदेश या कसोटीला पूर्ण उतरतो. दोन फौजांच्या मधली ती कोणाचीच नसलेली जमीन आहे. पिके तुडवली गेली आहेत, झाडाला माणसे लटकत आहेत, दलदलीत जुन्या शक्ती नवस स्वीकारतात, आणि स्वतःला जहागीरदार म्हणवणारा एक सरदार पडक्या गढीत बसून कारभार करतो. तिथली भूक आणि भीती युद्धाने आणलेली आहे, म्हणून प्रत्येक छोटे कामही त्याच दुखण्याला हात घालते. हीच माणसे त्या गेमच्या समृद्ध व्यापारी शहरात नेऊन ठेवली तर त्यांचे वागणे कळेनासे होईल.

समुद्राबद्दल वेगळी सूचना करायला हवी, कारण दुसऱ्या गेमसाठी समुद्राचा मोह बहुतेक सर्वांना होतो. २०१५ सालच्या पिलर्स ऑफ इटर्निटीनंतर ऑब्सिडियन या त्याच संघाने २०१८ सालच्या डेडफायर या पुढच्या भागासाठी द्वीपसमूह निवडला. मूळचे बेटवासी, दोन परकीय व्यापारी कंपन्या आणि चाचे यांची ओढाताण त्या जागेला इतकी शोभते की भूमीच्या निवडीला नावे ठेवता येत नाहीत. पण समुद्र घेतला की जहाज आले, जहाज आले की खलाशी, त्यांचे पाणी, शिधा आणि पगार आले, आणि जहाजांची लढाई आली. त्या गेममध्ये ही लढाई मजकूर वाचून पर्याय निवडण्याच्या स्वरूपात आहे, आणि बाकीच्या गेमइतकी ती रंगत नाही, असे मला प्रत्येक वेळी वाटले. समुद्र म्हणजे एका गेमच्या आत दुसरा गेम असतो. तो करण्याची तयारी असेल तरच किनारा सोडावा.

घराजवळची जागा

आपल्याकडील संघांना हमखास विचारले जाते की आपल्या मातीतला गेम का करत नाही. अभिमान हे जागा निवडण्याचे पुरेसे कारण नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली आणलेल्या राजी या साहसी गेमसाठी राजस्थानी वास्तुकलेचा आधार घेतला, आणि ती निवड त्या गोष्टीला साजेशी होती. घराजवळची जागा निवडण्याचे खरे कारण व्यावहारिक आहे: तिथे रविवारी जाता येते, पायांखालचा दगड पाहता येतो, पावसात वाट कशी निसरडी होते ते कळते, आणि म्हातारी माणसे जागांची नावे सांगतात. हा फायदा मोठ्या परदेशी संघांनाही सहज मिळत नाही.

उदाहरणादाखल नाणेघाट घेऊ. कल्याण आणि सोपारा या बंदरांकडून जुन्नरकडे आणि पुढे पैठणकडे जाणारी सातवाहनकालीन व्यापारी वाट सह्याद्रीची भिंत इथे चढते. खाली मुरबाडकडचे दमट रान, मग दगडी पायवाटेची चढण, वर अरुंद खिंड, खिंडीजवळ राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख असलेले लेणे, आणि माथ्यावर दगडी रांजण, ज्यात जकातीची नाणी टाकत असे सांगितले जाते. शेजारी जीवधनचा किल्ला पहारा देत उभा आहे. चढणे, घासाघीस करणे आणि माग काढणे ही तीन क्रियापदे असतील तर ही वाट तिन्हींना भिडते. कड्यामुळे नकाशाची एक बाजू आपोआप बंद होते. रांजण ज्याच्या हाती, त्याच्या हाती घाट, म्हणजे सत्तेचे भांडण डोळ्यांना दिसेल अशा एका वस्तूभोवती फिरते. आणि पाऊस आहे. घाटमाथ्यावर मुसळधार आणि थोडे पूर्वेला गेले की उघडीप, हा सह्याद्रीचा स्वभावच आहे. महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्यात वीसेक किलोमीटरचे अंतर, पण पाचगणीचा पाऊस महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही कमी. पावसाळ्याचे चार महिने घाटाची वाट ओढा होते, तांडे थांबतात, वरच्या बाजारात मीठ महागते आणि खालच्या बंदरात माल पडून राहतो. नकाशा तोच, पण ऋतू बदलला की गेम बदलतो. त्यासाठी नवे ठिकाण बांधावे लागत नाही.

फँटसीसाठीही बाहेर जावे लागत नाही. रानात वाटसरूला फिरवून फिरवून त्याच जागी आणणारा चकवा हा खेळाचा तयार नियम आहे: चकवा लागला की नकाशा आणि होकायंत्र दोन्ही निरुपयोगी, आणि सुटका करून घेण्याची पद्धत गावातल्या कोणाकडून तरी आधीच ऐकून ठेवलेली असावी. डोहातल्या सातआसरा, पिंपळावरचा मुंजा, कोकणात गावाची सीमा राखणारा राखणदार, जिथली वाळकी काडीही उचलायची नाही ती देवराई, यांपैकी प्रत्येकाला स्वतःची जागा आणि स्वतःची शिस्त आहे. कोकणातल्या देवळात कौल लावतात तेव्हा मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून, यावर उत्तर ठरते. संवादातले पर्याय निवडण्याची याहून वेगळी, याहून ताणलेली रीत मला दुसऱ्या कोणत्या गेममध्ये दिसलेली नाही.

वीरगळ तर जवळून पाहावाच. गावाच्या वेशीवर, बहुतेक वेळा शेंदूर किंवा शेवाळ चढलेला असा हा उभा दगड खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत वीर पडलेला असतो. तिथे गाई कोरलेल्या असतील तर तो गुरे सोडवताना मारला गेला. त्यावर लढाई किंवा अप्सरा त्याला वर नेताना दिसतात, त्याहून वर तो शिवलिंगाची पूजा करतो, आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. एका दगडात कोण, कशासाठी आणि कसा, हे सारे अक्षराशिवाय लिहिलेले आहे. खेळाडूने तळची चौकट नीट पाहिली तर शत्रू कोण होते ते कळेल, आणि न पाहता पुढे गेला तर ते कळणार नाही. गावोगाव विखुरलेली पुस्तके वाचायला लावून जगाचा इतिहास सांगण्यापेक्षा असे पाच दगड अधिक सांगतील.

या निवडीबरोबर जबाबदारीही येते. जी दैवते आज पुजली जातात, त्यांना शत्रू करू नये आणि मारता येईल असा देह देऊ नये. त्यांच्यासारखी रचना ठेवून नाव आणि चिन्ह वेगळे करावे, आणि ज्या गावाची प्रथा घेतली तिथल्या लोकांना ते आधी दाखवावे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आरपीजीला दरोडेखोर लागतात, आणि सह्याद्रीत ते ठेवताना एखाद्या खऱ्या जमातीचे नाव, पेहराव किंवा बोली त्यांना चिकटवण्याची चूक सहज घडते. ब्रिटिश सरकारने १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी त्या शिक्क्याचा त्रास विमुक्त समाज अजून भोगत आहेत. आपल्या गेमने त्यावर नवी शाई घालू नये. घाटातला लुटारू बेकार झालेला शिपाई असू शकतो, जकातीचा बेइमान कारकून असू शकतो. त्याला कारण द्यावे, जात देऊ नये.

नावे देतानाही स्थानिक रीत पाहावी. आपल्याकडे एकाच नावाची दोन गावे बुद्रुक आणि खुर्द अशी शेजारी असतात. निरोप खुर्दला पोचवायचा असताना खेळाडू बुद्रुकला पोचला, यातून एक लहानशी कामगिरी आपोआप निघते. वाडी, पेठ, मेट, माची, बारी हे शब्द जागेचा आकार आणि वापर दोन्ही सांगतात, आणि कल्पित नावांनाही ते जोडता येतात.

आधीच्या जगातच पुढे जायचे असेल तर

पहिल्या गेमचे जग ठेवून शेजारचा प्रांत निवडायचा असेल, तर खेळाडूंनी त्या प्रांताबद्दल आधी काय ऐकले आहे, याची यादी करावी. स्कायरिममध्ये व्हाइटरन शहराच्या आसपास हॅमरफेल या शेजारच्या प्रांतातले काही योद्धे एका बाईला शोधत असतात. ती म्हणते की ते मारेकरी आहेत, ते म्हणतात की तिने शहर शत्रूला विकले, आणि गेम शेवटपर्यंत खरे काय ते नक्की सांगत नाही. साम्राज्याने शत्रूशी तह केल्यावरही हॅमरफेल एकट्याने लढत राहिले, हेही त्यातच कानी येते. अशा एका कामगिरीने न दिसलेला प्रांत लाखो खेळाडूंच्या मनात तयार होतो. २०१८ साली पुढच्या एल्डर स्क्रोल्सची छोटीशी झलक दाखवली गेली, तिच्यात प्रांताचे नाव नव्हते, फक्त खडकाळ डोंगर आणि किनारा होता, आणि तेवढ्यावरून असंख्य लोकांनी हॅमरफेलचे नाव घेतले. ऐकलेल्या गोष्टी हे कर्ज असते. ड्रॅगन एजमध्ये २००९ पासून मांत्रिकांच्या आणि गुलामगिरीच्या टेव्हिंटर साम्राज्याविषयी बोलले जात होते. २०२४ च्या गेममध्ये खेळाडू तिथे पोचले, तेव्हा ऐकलेल्या क्रौर्याच्या मानाने पाहायला मिळाले ते सौम्य निघाले, अशी तक्रार अनेकांनी केली. कर्ज फेडता येणार नसेल तर कमी बोललेला प्रांत घ्यावा.

निर्णयापूर्वीचे पंधरा दिवस

शेवटी दोन भूमी उरतात आणि बैठकीत मते समसमान पडतात. तेव्हा वाद थांबवून दोन्ही भूमींचा एकेक तुकडा राखाडी ठोकळ्यांनी बांधावा, चारशे मीटर लांबीचा, दोन वस्त्या आणि मधली वाट एवढाच. रंग, पाने, संगीत काही घालू नये. बाहेरच्या पाच-सहा जणांना तो चालायला द्यावा आणि ते वाट कुठे सोडतात, कुठे थांबून मागे पाहतात, याची नोंद करावी. मग त्याच तुकड्यावर रात्र आणावी. २०१२ सालच्या ड्रॅगन्स डॉग्मामध्ये रात्री खरोखर काही दिसत नाही, कंदिलातले तेल संपत जाते, आणि दिवसा सोपी वाटलेली पायवाट भीतीची होते. आपला तुकडा रात्री बदलत नसेल तर त्या भूमीत अजून काही तरी उणे आहे. या काळात लेखकाने प्रत्येक भूमीसाठी गावातल्या पाच अफवा लिहाव्यात. ज्या भूमीच्या अफवा लिहायला बसल्या बैठकीत जमतात आणि पाचवीनंतर सहावीही सुचते, तिला झुकते माप द्यावे.

निवड झाली की नाकारलेल्या भूमीची टिपणे आणि चित्रे फेकून देऊ नयेत. त्या भूमीतून आलेला एक मिठाचा व्यापारी पहिल्याच गावाच्या धर्मशाळेत बसवावा, त्याच्या अंगावर तिथला कपडा असावा, त्याच्या बोलण्यात तिथला पाऊस असावा, आणि त्याला तीन-चार वाक्यांपेक्षा जास्त देऊ नयेत.